डाव्या अंगाचा ठसा

लेकीनं ते चित्र पहिल्यांदा माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मी जेवत होतो. ताटात आमटी-भाकरी, आणि ताटाशेजारी कागदावर एक माणूस उभा. अंगावर कातडं नाही. सगळं मांस उघडं, दोरखंडासारखं पिळलेलं, आणि स्वतःचं कातडं त्यानं वाळत घालायच्या सदऱ्यासारखं हातावर टाकलेलं. मागं डोंगर, पायाशी कसलंसं फुललेलं रोप.

"उचल ते," मी म्हणालो. "जेवतोय मी."

"आबा, आधी कोरणी बघा की. लाकडावर कोरलंय. चारपाचशे वर्सं झाली असतील."

मग मात्र मी घास खाली ठेवला. हात धुतला, चष्मा लावला आणि कागद उजेडाला धरला. मांडीवरच्या मांसाच्या रेघा एकापाठोपाठ एक अशा गेल्या होत्या की कुठं जाड, कुठं केसाएवढी, पण एकही तुटलेली नाही. असं कोरणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला होता. आरशात.

हे कुणाला बढाई वाटेल तर वाटू दे. मी शाळा चौथीतच सोडली, पण कोल्हापुरात कुस्तीच्या मैदानाची पोस्टरं लागायची त्यावरची मोठी अक्षरं माझ्या हातची असायची. शिशाची अक्षरं लहान असतात. पैलवानाचं नाव चौकाच्या त्या टोकावरनं वाचता आलं पाहिजे, तेवढं अक्षर लाकडातच कोरावं लागतं. आणि कोरायचं उलटं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. मी पोरगा असताना प्रेसमध्ये लागलो, त्यामुळं मला उलटी अक्षरं आधी यायला लागली, सुलटी मागनं. पुढं स्वतःची प्रेस टाकली, घराच्याच पुढच्या खोलीत. मग फ्लेक्स आला. पैलवानाचा फोटोच रंगीत, माणसाएवढा, एका दुपारीत छापून मिळायला लागल्यावर माझ्या अक्षराला कोण विचारतो? मशीन झाकून ठेवलं. अक्षरांचे खण तसेच भिंतीला आहेत. विकता का म्हणणारे आले, शोभेला टांगायला पाहिजेत म्हणाले. त्यांना मी उंबऱ्यावरनंच परत पाठवलं.

लेकीनं माझं मशीन परत उघडलं. बडोद्याला जाऊन ती छापचित्रं करायला शिकून आली, आता इथं एका शाळेत चित्रकला शिकवते. लग्न केलं नाही, त्यावर आम्ही घरात बोलत नाही. बाहेर एवढं राहून आली तरी बोलणं पेठेतल्या बायकांचंच, बाप्यांसारखं मी जातो, मी करतो. तिची चित्रं मला आधी कळायची नाहीत. माणसाचं फुप्फुस काढायची आणि त्याच्या नळ्यांना पुढं लिंबाची डहाळी फुटलेली. मूत्रपिंडाशेजारी घेवड्याचा दाणा. तिनं जुन्या पुस्तकांतली चित्रं गोळा केली होती, वैद्यकीची आणि झाडापाल्याची. ती बघून स्वतःची नवी करायची.

त्या दिवशी ताटासमोर बसूनच तिनं सगळं सांगितलं. त्या काळी डॉक्टर मढं फाडायचा, चित्रकार शेजारी बसून काढायचा, आणि तिसराच माणूस ते लाकडावर कोरायचा.

"कोरणाऱ्याचं नाव काय?" मी विचारलं.

"बहुतेकांचं ठाऊक न्हाय, आबा."

"हां. डॉक्टरचं असेल की."

"डॉक्टरचं हाय. मोठ्या अक्षरात हाय."

"ते अक्षरसुद्धा त्यानंच कोरलं असेल, बिचाऱ्यानं. आणि ज्याला फाडला, तो कोण?"

"फाशी दिल्याली माणसं असायची."

"त्याला विचारलं होतं का कुणी, की बाबा तुला सोलून पुस्तकात घालतो म्हणून?"

"फाशी दिलेल्याला काय विचारणार?"

"द्यायच्या आधी विचारायचं!" मी ताटावरनं उठलो. मला खरोखर राग आला होता. माणूस गुन्हेगार असला म्हणून त्याचं उघडं अंग दुनियेनं बघत राहायचं? हे मी मोठ्यानं बोललो, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलं असेल इतक्या मोठ्यानं. मंडळी, म्हणजे लेकीची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. हातातला तवा तेवढा तिनं खाली ठेवला.

मंडळीचं आता सांगायला पाहिजे. ती गडहिंग्लजकडची. तिच्या माहेरी आईला अव्वा म्हणतात, आणि रागावली की अजून तिच्या तोंडात दोनचार शब्द कानडी येतात. दोन-तीन वर्षांमागं तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ती बाजू पूर्ण काढली. ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्याच्या बाहेर, चहाच्या गाड्याशेजारच्या बाकावर बसलो होतो. पुढची औषधं झाली, केस गेले, परत आले, तेव्हाही मी त्याच बाकावर. आत लेक असायची. बायकांचं दुखणं, बायकांच्यात बरं, असं मला वाटायचं. घरी ती दार लावून लुगडं बदलायची आणि तेवढ्या वेळात मी परसात जाऊन तोंडलीच्या वेलाला पाणी घालायचो. वेलाला एवढं पाणी लागत नाही. त्या वर्षी कुजता कुजता राहिला.

मी बघितलं नाही, तिनं दाखवलं नाही. बाहेर जाताना ती झंपरात कापसाची घडी घालायची, डॉक्टरांच्या नर्सनं शिकवली होती तशी. एकदा ती न घालताच एका बारशाला निघाली तेव्हा मी म्हणालो, तेवढं घालून जा. ती परत आत गेली. बाहेर आली तेव्हा घडी घातलेली होती. बारशात मात्र ती कुणाशी बोलली नाही.

आषाढाच्या सुमाराला लेकीच्या टेबलावर मला एक कागद सापडला. पेन्सिलीचं चित्र. पाटावर बसलेली बाई, केसांचा बुचडा, नाकात डावीकडं चमकी. आमची मंडळी. पदर मांडीवर सोडलेला. कमरेपासून वेल वर चढून दोन्ही खांद्यांवर गेलेला. आणि छातीच्या जागी काही नाही. तेवढा कागद कोरा.

मी लेकीला हाक मारली. ती आली आणि माझ्या हातातला कागद बघून उभीच राहिली.

"हे काय हाय?"

"आईचं चित्र हाय. अजून झालं न्हाय."

"तुझ्या आईला भिंतीवर टांगणार? पावणं येणार, च्या पिणार आणि बघणार?"

"आबा, आईला विचारलंय मी."

"आणि मला?"

"तुमाला कशाला?" हे मागनं आलं. मंडळी कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. "अंग माझं हाय की तुमचं?"

मी तिच्याकडं बघितलं. ती घाबरलेली नव्हती, तेच मला खटकलं.

"त्या फाशीवाल्याला कुणी विचारलं न्हाय म्हणून पेठ गोळा केलासा त्या दिवशी," ती म्हणाली. "मला विचारलंय. मी व्हय म्हणालो. आता काय म्हणणं हाय तुमचं?"

चित्रावर बोट ठेवून मी म्हणालो, "मग हे मधलं रिकामं का ठेवलंय?"

लेक खाली बघायला लागली.

"ते तुमी भरायचं," मंडळी म्हणाली. "लाकडावर तुमीच कोरायचं, आणि तेवढं बघून कोरायचं. मी बसतो पुढं."

मी चपला घातल्या आणि तालमीच्या कट्ट्यावर गेलो. तिथं माझा एक दोस्त बसलेला असतो, पूर्वी पैलवान होता, आता गुडघे गेलेत. त्याला मी काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "काय रे, घरातनं हाकललं व्हय?" मी म्हणालो, "मला कोण हाकलतंय!" आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

मी कोरणार नाही म्हणजे नाही, असं मी घरात सांगून टाकलं. माझा शब्द घरात चालतो. यावेळी मात्र तो नुसता हवेतच राहिला. मंडळी ताट वाढायची, पाणी द्यायची, पण एरवी जेवताना समोर बसायची ती बसेना. भाजी तोडायची असली की पाठ करून बसायची. एकदा मी म्हणालो, "अगं, जरा इकडं बघून बोल की." तर म्हणाली, "बघायचं कुणी बंद केलंय ते आठवा." आणि शेंगा तोडत राहिली.

शेवटी लेकीनं मला बरोबर पकडलं. ती माझीच पोरगी आहे, तिला ठाऊक आहे मला कुठं दुखतं.

"राहू दे आबा. तुमाला जमणार न्हाय तर मी एमआयडीसीत जाऊन लेसरवर कापून आणतो. कॉम्प्युटरवर टाकलं की लाकूड जाळून रेघ काढतंय. लई बारीक येती."

"जाळून?"

"व्हय. धूर निघतो थोडा."

"तुझ्या आईला जाळून काढणार?"

मी उठून माळ्यावर चढलो आणि शिवणीची फळी खाली काढली. शिवणीचं लाकूड पांढरट, लोण्यासारखं कोरलं जातं पण बारीक रेघ धरून ठेवतं. ही फळी मी फार जपली होती, पुरात घर भरलं तेव्हा डोक्यावर घेऊन बाहेर आलो होतो. तिला रंधा मारला, काचकागद फिरवला आणि बोटानं बघितली. कुठं खरखर नव्हती.

"ट्रेसिंग करून देतो," लेक म्हणाली. "कागद पालथा चिकटवला की आपोआप उलटं होतंय. चूक व्हायला नको."

"ट्रेसिंग मला लागत नाही. तू जन्मायच्या आधीपासून मी उलटं काढतोय."

आणि काढलंही. चित्र समोर ठेवलं आणि फळीवर पेन्सिलीनं उतरवलं, सगळं उलट बाजूला. चमकी डावीकडची उजवीकडं घेतली. बुचडा जरा एका अंगाला कललेला होता तो दुसऱ्या अंगाला कलवला. मधली जागा मोकळी सोडली.

वेलावरनं आमची भांडणं झाली ती मला आठवतात, कारण त्या दिवसांत घरात तेवढंच हसणं होतं. चित्रात वेल नुसता रेघेनं दाखवलेला होता, त्या जागी लेकीला कमळ पाहिजे होतं. मंडळी म्हणाली, "मी काय लक्ष्मी हाय कमळात बसायला? परसातली तोंडली काढ. कितीबी छाटली तरी परत येती मेली." मग लेकीनं जुन्या पुस्तकातलं वेलाचं एक चित्र आणून दाखवलं. त्यात एकाच वेलाला कळी, फूल, कच्चं फळ, पिकलेलं लाल फळ, खाली मूळ, आणि बाजूला फळाची आडवी फोड.

"हे खोटं हाय," मी म्हणालो. "मूळ जमिनीत असतंय. ते कसं दिसेल? आणि फोड कुणी कापून वेलाला लटकवली?"

"झाडाची ओळख पटावी म्हणून सगळं एकाच कागदावर घालतात आबा. बारा महिने झाड कसं दिसतंय ते एकदम."

"मग तुझ्या आईचं बी सगळं घाल. लग्नातली घाल, तुला कडेवर घेतलेली घाल."

"आणि कपाळावर आठ्या घातलेली बी घाल," मंडळी म्हणाली. "त्या ह्यांनाच बघून पडल्यात."

ती पुष्कळ दिवसांनी माझ्याकडं बघून बोलली होती.

वेल कोरून झाला. पानांच्या शिरा, तणावे, कळीची देठं, सगळं मी मन लावून कोरलं. चेहरा कोरला. चमकीचा खडा म्हणजे एक ठिपका, पण त्याला मी निम्मी सकाळ घालवली. मग मधली जागा तेवढी उरली आणि माझ्याकडं दुसरं काही काम उरलं नाही.

दुपारी लेक शाळेत गेली होती. मंडळीनं पुढच्या खोलीचं शटर पूर्ण खाली ओढलं. खिडकीशेजारी पाट ठेवला, मांडीवर उशी घेतली आणि उशीवर डावा हात टेकला. ऑपरेशननंतर तो हात सुजतो, लोंबता ठेवला तर जड होतो. मग तिनं झंपराची बटणं काढली.

मी कोरणीला धार लावत होतो. धार आधीच लागलेली होती.

"बघा," ती म्हणाली.

मी बघितलं. मधल्या हाडापासून काखेपर्यंत एक तिरकी रेघ गेली होती. रेघेच्या दोन्ही अंगांना टाक्यांच्या बारीक खुणा. काखेकडं कातडी आत ओढली गेली होती, तिथं खड्डा पडला होता, आणि वर कातडी इतकी ताणलेली की बरगड्या मोजता आल्या असत्या. दुसरी बाजू होती तशी, वयानं उतरलेली. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. तसं नव्हतं. मी कोरणी खाली ठेवली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"आता विचारता व्हय?"

"विचारतोय की."

"दुखत न्हाय. थंडीत ओढल्यागत होतंय. इथं हात लावला तर कळत न्हाय, आणि इथं लावला तर पाठीत कळतंय." तिनं बोट फिरवून दाखवलं. "कोरा आता. मला असं बसून गार वाटाय लागलं."

मी पेन्सिल घेतली नाही. सरळ कोरणी लावली. ती रेघ मी एका दमात काढली, मधल्या हाडापासून काखेपर्यंत, जशी दिसत होती तशी. मग टाके. मग तो खड्डा, त्याला उजेड कमी म्हणून रेघा जवळजवळ. वेलाचं एक टोक मी खांद्यावरनं खाली आणलं आणि रेघेच्या शेवटाला टेकवलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. मान वर करायची, तिच्याकडं बघायचं, मान खाली करायची. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शाळा सुटल्याचा गलका रस्त्यावर ऐकू आला तेव्हा तिनं बटणं लावली आणि चहा ठेवायला गेली. मी लाकडाचा भुसा फुंकला. माझ्या मनासारखं काम झालं होतं.

मग रविवार आला. लेकीनं शाई मळली, रुळानं फळीवर लावली. मशीनवर दाब जास्त येऊन बारीक रेघा बसतील असं मला वाटत होतं, म्हणून कागद हातानंच घासायचं ठरलं. मंडळी आतनं काशाची वाटी घेऊन आली, तळपायाला तूप चोळायची वाटी. "मी घासतो," म्हणाली. आम्ही कागद धरला आणि तिनं उजव्या हातानं वाटी गोल गोल फिरवली, कडेपासून मध्यापर्यंत, जशी माझ्या तळव्यांवर फिरवते तशी. मग एक कोपरा धरून तिनंच कागद उचलला.

वेल सुंदर आला होता. चेहरा तर असा की आता बोलेल. मी कौतुकाची वाट बघत उभा होतो.

"आबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "चमकी डावीकडं आलीया."

"मग? डावीकडंच पाहिजे."

"व्हय. पण हे..." तिनं बोट केलं. "हे उजव्या अंगाला आलंय."

मी बघितलं. खरंच होतं. बाकी सगळं मी उलटं कोरलं होतं. तेवढी एक जागा मी सुलटी कोरली होती. समोर जशी दिसली तशीच लाकडावर घेतली, आणि कागदावर ती पालटली. पहिल्या आठवड्यात शिकाऊ पोरगंसुद्धा अशी चूक करत नाही.

"कागद सरकला असेल," मी म्हणालो.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. कागद सरकून डावं उजवं होत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

पण मला धास्ती बसली ती चुकीमुळं नव्हे. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी मंडळीच्या दुसऱ्या बाजूला, उजव्या बाजूला, हात लावून जरा जास्त वेळ बघितलं होतं. काहीतरी लागतंय, पुढच्या वेळी नीट बघू, असं म्हणाले होते. लेकीनं मला बाकावर येऊन सांगितलं होतं. ती पुढची वेळ आता आली होती. आणि मी, माझ्या हातानं, तिच्या चांगल्या बाजूवर घाव घालून ठेवला होता. मी गंडेदोरे मानत नाही, घरात कधी कुणाला मानू दिले नाहीत. पण त्या कागदाकडं मला बघवेना.

मी फळी उचलली आणि परसाकडं निघालो. शाई माझ्या सदऱ्याला लागली.

"कुठं चाललासा?" मंडळी मागनं आली.

"बंबात घालतो."

"ठेवा खाली."

"अगं, चुकलंय ते! दिसत न्हाय का तुला? नाहीतर थांब, तेवढा तुकडा काढतो, दुसरा ठोकून बसवतो, परत कोरतो. जोड दिसणार न्हाय. माझा जोड कुणाला दिसत न्हाय."

"मला ठिगळ लावायचं न्हाय," ती म्हणाली. "लई लावली. कापसाची लावली, फडक्याची लावली. फळी खाली ठेवा म्हटलं की."

मी ठेवली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण ठेवली.

तिनं ओला कागद दोन बोटांत धरला आणि मला आतल्या खोलीत नेलं. तिथं कपाटाच्या दाराला लांब आरसा आहे. ती आरशासमोर उभी राहिली, कागद शेजारी धरला, आणि दुसऱ्या हातानं पदर थोडा बाजूला केला. आरशातली ती आणि कागदावरची ती, दोघींचा घाव एकाच बाजूला होता.

"रोज अंघोळ झाली की मी हितं उभा राहतो," ती म्हणाली. "आरशात डावं उजवं होतंय. मला ती अशीच दिसती, ह्या अंगाला. नाक जगानं बघितलंय, ते जगाला दिसतंय तसं आलंय. ही बाजू मीच तेवढी बघत होतो. ती मला दिसती तशी आली. ह्यात काय चुकलं?"

लेक दारात उभी होती, तिच्या हातात शाईचा रुळ तसाच होता.

"आणि ते डॉक्टर जे म्हणाले उजवीकडचं," मी विचारलं, "ते तुला..."

"मला ठाऊक हाय तुमाला काय वाटतंय ते. तुमच्या कोरण्यानं गाठ होत असती तर तुमच्या कोरण्यानं गेली बी असती. एवढी ताकद न्हाय तुमच्या हातात. अक्षरं चांगली काढतासा, तेवढं हाय."

लेक फसकन हसली. मला हसू आलं नाही. आजही येत नाही. तो कागद आता कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलेला आहे. लुगडं काढायला कपाट उघडलं की दिसतो. फळी माझ्या मशीनशेजारी उभी आहे. लेकीला त्या चित्राच्या प्रती काढून प्रदर्शनात लावायच्या आहेत, आणि मंडळीनं तिला होकार दिला आहे. मला कुणी विचारलेलं नाही. मी लाव म्हणालोही नाही, लावू नको म्हणालोही नाही. चूक झाली हे मी अजून कबूल केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण फळीजवळनं जाताना मी नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवतो, उजवीकडं जाऊ देत नाही. ही भीती काही गेलेली नाही.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. चहावाल्यानं मला बघून बाक फडक्यानं पुसला. मंडळी म्हणाली, "बसा तुमी, च्या प्या. आमी येतोच." लेक तिच्याबरोबर आत निघाली होती. मी लेकीला म्हणालो, तू बस. ती बसली. बाकावर बसून तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पटकन पुढं झालो.

आत एक हिरवा पडदा होता. पडद्याच्या अलीकडं नर्सनं मला हातानं अडवलं.

"आजोबा, तुमी बाहेर थांबा. तपासायचं हाय त्यांना."

"तपासा की."

"अवो, कपडे काढायला लागतात."

"ठाऊक हाय," मी म्हणालो. "मी बघितलंय."

पडद्याच्या आतनं मंडळी म्हणाली, "येऊ द्या त्यांना. हटून बसतील न्हायतर हितंच."

मी आत गेलो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. ह्या वेळी डॉक्टरीणबाई होत्या, लहान, लेकीच्याच वयाच्या. त्यांनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं हात ठेवला. बोटं एका जागी थांबली, सरकली, परत त्याच जागी आली. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो. माझ्याच हातात कोरणी असल्यासारखी माझी मूठ आवळली होती. मंडळी छताकडं बघत होती. मग तिनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं, मी बघतोय का ते बघायला.

मी बघत होतो.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मशीनवर छातीचा फोटो काढून आणायला सांगितला. तो काढून झाला. रिपोर्ट अजून यायचा आहे.